मेलसर्व्हर पुन्हा सुरू होण्यास विलंब का लागतो?

लिनक्सवरील मेलसर्व्हर एरवी सुरळीत चालतो. परंतु किरकोळ बदल करून सेवा पुन्हा सुरू करण्याची आज्ञा द्यावी, तर पडदा मिनिटभर निश्चल राहतो. बाहेरून येणारी पत्रे या अवधीत सहसा हरवत नाहीत, कारण पाठवणारा सर्व्हर काही वेळाने पुन्हा प्रयत्न करतो. कार्यालयातून जाणारी पत्रे मात्र अडतात आणि यंत्रच जुने झाले, अशी शंका बळावते. नव्या यंत्राची मागणी नोंदवण्यापूर्वी विलंब नेमका किती सेकंदांचा आहे, हे घड्याळ लावून पाहावे. तो आकडा पुष्कळदा कारणही सांगतो.

विलंब साठ सेकंदांचा असेल आणि सर्व्हरवर ‘सेंडमेल’ असेल, तर संशयाला फारशी जागा नाही. एरिक ऑलमन यांनी बर्कले येथे लिहिलेला हा जुना प्रोग्राम सुरू होताना स्वतःचे पूर्ण नाव शोधतो. केवळ ‘मेल’ असे अपुरे नाव हाती लागले, तर तशी तक्रार लॉगमध्ये नोंदवून तो साठ सेकंद स्वस्थ राहतो, मग पुन्हा शोध घेतो आणि अखेर अपुऱ्या नावानिशीच कामाला लागतो. ही तक्रार लॉगमध्ये स्पष्ट शब्दांत असते. पण लॉग उघडून पाहण्याचा आपल्याकडे कंटाळाच फार! उपाय एका ओळीचा आहे. ‘ईटीसी’ डिरेक्टरीतील ‘होस्ट्स’ या फाइलमध्ये आधी आयपी क्रमांक, मग डोमेनसह पूर्ण नाव आणि शेवटी लघुनाम लिहावे. क्रम उलटला तर लघुनामच मुख्य नाव ठरते आणि दुखणे कायम राहते. त्यानंतर ‘होस्टनेम’ ही आज्ञा ‘एफ’ या पर्यायासह दिल्यास पूर्ण नाव तत्काळ उमटले पाहिजे.

पाच किंवा दहा सेकंदांच्या टप्प्यांनी वाढणारा विलंब बहुधा डीएनएसचा असतो. नेमसर्व्हरच्या उत्तराची वाट पाच सेकंद पाहावी व दोनदा प्रयत्न करावा, अशी लिनक्समधील मूळ योजना आहे. म्हणजे ‘रिझॉल्व्ह’ फाइलमध्ये बंद पडलेला एकच नेमसर्व्हर नोंदलेला असेल, तर प्रत्येक चौकशीमागे दहा सेकंद गेले. मृत नेमसर्व्हरची नोंद काढून टाकणे हाच त्यावर इलाज.

सेवा थांबतानाच दीड मिनिट जात असेल, तर दोष नावाचा नव्हे. ‘सिस्टमडी’ असलेल्या वितरणांत थांबण्याची सूचना न जुमानणाऱ्या प्रोसेसला सामान्यतः ९० सेकंदांनी सक्तीने संपवले जाते. कोणती प्रोसेस अडून बसली, हे त्याच्या लॉगमध्ये सापडते.

या सर्व प्रकारांत प्रोसेसर जवळजवळ रिकामा असतो, हे ‘टॉप’ या आज्ञेने दिसते. तो पूर्ण व्यग्र दिसल्यास मात्र ‘क्लॅमएव्ही’सारखा विषाणूशोधक आपला अवाढव्य माहितीसंच स्मृतीत भरत असण्याचा संभव आहे. त्याला गिगाबाइटभर किंवा अधिक रॅम लागते. अशा वेळी रॅम वाढवण्याची मागणी रास्त ठरते.