चिल्लरच्या थैलीतलं चुकलेलं नाणं कसं ओळखायचं?

यवतमाळ : किराणा दुकानदार बँकेतून चिल्लरची थैली आणतात. त्यात क्वचित एखादं नाणं टाकसाळीतच चुकलेलं निघतं. छाप मधोमध न बसता सरकलेली असते आणि दुसऱ्या कडेला चंद्रकोरीसारखी कोरी जागा राहते. कधी आधीचं नाणं साच्यात अडकतं. मग पुढच्या नाण्यावर एका बाजूला चित्र बरोबर, तर मागे तेच चित्र उलटं अन् खोलगट उमटतं.

सालाखालची खूण मात्र चूक नव्हे. हिरा मुंबईचा, तारा हैदराबादचा, ठिपका नोएडाचा, खूण नसेल तर कोलकाता. दहाच्या जुन्या नाण्यावर रुपयाचं चिन्ह नाही म्हणून बरेच जण ते घेत नाहीत, पण ते खरंच आहे. हे चिन्ह नाण्यांवर २०११ पासून आलं. ठोकलेलं किंवा मधला गोल काढलेलं नाणं बाहेर बिघडवलेलं असतं, त्याला संग्राहक विचारत नाहीत.

चुकलेलं नाणं सापडलं तर घासू नका, भाव पडतो. ‘नाणं द्या, लाखो घ्या’ म्हणत कोणी आधी कमिशन किंवा कर मागितला तर एक रुपयाही पाठवू नका. अशा व्यवहाराशी आपला संबंध नाही, असं रिझर्व्ह बँकेने ४ ऑगस्ट २०२१ ला जाहीर केलं आहे.