दोघांचा नेम

आमच्या कर्जत-खालापूर भागात 'व्यायाम करणे' हा शब्दप्रयोग तसा अलीकडचा. माझ्या लहानपणी एखाद्या बाईने "मी रोज व्यायाम करते" असं म्हटलं असतं तर आळीतल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या असत्या. पहाटे जातं, मग विहिरीवरून पाणी, उन्हाळ्यात मसाला कांडणं, आणि पावसाळ्यात गुडघाभर चिखलात वाकून भाताची लावणी. ठाकरवाडीतल्या बायका डोक्यावर मोळी घेऊन डोंगर उतरून बाजाराला येत. श्रम भरपूर होते, व्यायाम नव्हता. तालीम होती ती गावातल्या पोरांसाठी, तिथे मारुती आणि लाल माती. बाई तिकडे फिरकत नसे. बायकांच्या वाट्याला मंगळागौर. तिथल्या फुगड्या आणि झिम्मा रात्रभर चालत, पण ती वर्षातली एखादी रात्र.

मग गॅस आला, मिक्सर आला, नळ आला. पुरुषमंडळी मुंबईच्या नोकरीला लागली. कर्जतपासून बोरीबंदर शंभर किलोमीटर. दोन तास जायला, दोन यायला, वर स्टेशनपर्यंतची धावपळ. शरीराची झीज होतच होती, पण तिला व्यायाम म्हणता येत नाही. साठी आली तेव्हा आमच्या घरात ह्यांच्या साखरेची गोळी आणि माझ्या गुडघ्याचा पट्टा, दोन्ही एकाच फडताळात होते. तेव्हापासून आम्ही दोघं घरीच सकाळी थोडा व्यायाम करत आलो आहोत. त्याला बारा वर्षं होऊन गेली.

लोक विचारतात, "टिकवता कसं?" जन्मभर शाळेत इतिहास शिकवल्यामुळे मला कुठल्याही प्रश्नाचं उत्तर मागे जाऊन शोधायची सवय आहे. तेव्हा आज थोडं मागे जाऊ या.

घरच्या घरी, ठरलेल्या क्रमाने, ठरलेली मिनिटं व्यायाम करायचा ही कल्पना जगात साधारण सव्वाशे वर्षांपूर्वी पसरली. युजेन सँडो हा त्या काळातला प्रसिद्ध शरीरसौष्ठवपटू. त्याची पुस्तकं, डंबेल्स आणि टपालाने मिळणारे धडे घरोघर जात. १९०४-०५ मध्ये तो हिंदुस्थानातही येऊन गेला. डेन्मार्कच्या म्युलर नावाच्या गृहस्थाने १९०४ साली रोज पंधरा मिनिटांच्या व्यायामाचं पुस्तक काढलं, ते युरोपभर खपलं. प्राग शहरात काफ्का नावाचा एक हडकुळा लेखक उघड्या खिडकीपाशी उभा राहून तो व्यायाम करत असे. म्हणजे आज मोबाईलवर बघून हातपाय हलवणारे आपण काही जगावेगळे नाही.

ह्या सँडोच्या नादाला आपल्याकडचा एक राजाही लागला होता. सातारा भागातल्या औंध संस्थानचे बाळासाहेब, म्हणजे भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी. जन्म १८६८. राजा असून बी.ए. झालेले, उत्तम चित्रकार, कीर्तनकार. १८९७ साली त्यांनी सँडोची सगळी साधनं आणि पुस्तकं मागवली आणि तब्बल दहा वर्षं तो व्यायाम नेमाने केला. दहा वर्षं! आपल्यातले किती जण दहा आठवडे टिकतात? पुढे मिरजेचे अधिपती गंगाधरराव पटवर्धन यांचं उदाहरण पाहून १९०८ च्या सुमारास ते सूर्यनमस्कारांकडे वळले, आणि ते शेवटपर्यंत. १९५१ साली वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी ते गेले.

सूर्यनमस्कार काही त्यांनी शोधून काढले नाहीत. आपल्याकडे ते आधीपासून होतेच. समर्थ रामदास रोज बाराशे नमस्कार घालत असं परंपरा सांगते. पण ते देवघरातले किंवा तालमीतले नमस्कार. बाळासाहेबांनी काय केलं, तर त्यांची नेटकी दहा अंकांची मालिका बसवली. हात जोडून उभं राहायचं, वाकून तळवे जमिनीला टेकायचे, एक पाय मागे, मग दोन्ही, मग साष्टांग, छाती वर, कंबर वर, आणि आलो त्याच वाटेने परत. सोबत मित्र, रवी, सूर्य अशी सूर्याची नावं मोठ्याने म्हणायची. साधन काही नको. जागा किती, तर सतरंजी अंथरण्यापुरती. संस्थानातल्या शाळांतून त्यांनी हे सुरू केलं, त्यावर पुस्तकं लिहिली. १९३६ साली ते लंडनला गेले तेव्हा वय अडुसष्टच्या घरात होतं, आणि त्यांची प्रकृती पाहून लुईझ मॉर्गन नावाच्या पत्रकार बाई चकित झाल्या. त्यांनीच पुढे १९३८ मध्ये त्यांचं 'द टेन-पॉइंट वे टु हेल्थ' हे पुस्तक संपादित करून लंडनला छापवलं.

मला ह्या सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. राजेसाहेबांनी हा व्यायाम वाड्याच्या आत नेला. राणीसाहेब आणि मुलंही नमस्कार घालत. बायकांनी गर्भारपणाच्या भीतीने किंवा लाजेपोटी व्यायाम टाळू नये, असं त्यांचं आग्रहाचं म्हणणं होतं. ज्या काळात बाईच्या प्रकृतीचा विचार बाळंतपणाच्या खोलीपुरता होता, त्या काळात एक राजा सांगत होता की नवऱ्याने आणि बायकोने, दोघांनीही रोज घाम गाळावा. त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत पुढे देशाचे राजदूत झाले. त्यांनीही १९७० मध्ये सूर्यनमस्कारावर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. घरात लागलेली सवय एका पिढीत संपत नाही ती अशी.

दुसरं जोडपं मुंबईचं. योगेंद्रजी आणि सीतादेवी. योगेंद्रजी मूळचे गुजराती. १९१८ साली त्यांनी वर्सोव्याला योग शिकवायला सुरुवात केली. योग म्हणजे जटाधारी साधूंचं काम ह्या समजुतीला त्यांनी छेद दिला आणि संसारी माणसाला घरी करता येतील अशी सोपी आसनं बसवली. १९२७ मध्ये त्यांचं लग्न झालं. सीतादेवी नुसत्या पाहत राहिल्या नाहीत. त्या स्वतः शिकल्या, बायकांना शिकवू लागल्या, आणि १९३४ साली बायकांच्या योगासनांवर त्यांचं पुस्तक आलं. बाईने बायकांसाठी लिहिलेलं ह्या विषयावरचं ते अगदी सुरुवातीचं पुस्तक. त्याच सुमाराला आमच्या खोपोलीच्या वर, घाट चढून गेलं की लागणाऱ्या लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांचं कैवल्यधाम १९२४ पासून उभं होतं, आणि पुण्यात कॅप्टन शिवरामपंत दामल्यांचं महाराष्ट्रीय मंडळही त्याच वर्षीचं. थोडक्यात, शंभर वर्षांपूर्वी मराठी मुलखात व्यायामाची एक लाटच आली होती.

लाट आली की तिची थट्टा करणारेही येतात. १९३३ साली आचार्य अत्र्यांनी 'साष्टांग नमस्कार' हे नाटक लिहिलं आणि नमस्काराच्या वेडाची यथेच्छ टर उडवली. डोक्यात नमस्कार शिरलेले गृहस्थ आणि त्यांच्या पायी हैराण झालेलं घर पाहून प्रेक्षक पोट धरून हसले. मला ते नाटक आवडतं, आणि त्यातला शहाणपणाही कळतो. घरात एकाला वेड लागलं आणि त्याने दुसऱ्याला ओढायला सुरुवात केली, की त्याला व्यायाम म्हणत नाहीत, जाच म्हणतात.

आता ह्या इतिहासातून आमच्यासारख्यांनी घ्यायचं काय?

पहिली गोष्ट, साधन जितकं कमी तितका नेम पक्का. ह्यांच्या निवृत्तीनंतर मुलाने चालायचं यंत्र घेऊन दिलं होतं. त्यावर सध्या धुतलेल्या चादरी वाळतात. पावसाळ्यात आमच्याकडे आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, माथेरानचा डोंगर ढगात जातो तो बाहेरच येत नाही. फिरायला जायचं म्हटलं तर छत्री उलटी होते. सतरंजीला मात्र पाऊस लागत नाही.

दुसरी गोष्ट जरा नाजूक आहे, पण बायकांनी बोलायला हवी. दोघांचा व्यायाम म्हटला की पहिल्यांदा बुडतो तो बाईचा. "तू सुरू कर, मी चहा टाकून येते", इथून त्याची सुरुवात होते. मग दूधवाला, मग कुकर, मग "आता उद्याच करीन". राजवाड्यात चहा टाकायला माणसं होती, आमच्याकडे कुठली? म्हणून आम्ही ठरवलं की दोघांचे नमस्कार झाल्याशिवाय गॅस पेटवायचा नाही. ह्यांना चहाची तलफ दांडगी. त्यामुळे माझ्या व्यायामाची काळजी माझ्यापेक्षा ह्यांनाच जास्त! कोणी कुणाला उपदेश न करता काम झालं.

तिसरी गोष्ट, मोजणं. राजेसाहेब नावं मोठ्याने म्हणायला सांगत त्यात भक्ती होती, श्वासाचा हिशेब होता, आणि मला वाटतं सोबतही होती. मनातल्या मनात मोजलेले आकडे आपण सोयीने पुढे ढकलतो. दुसऱ्याच्या कानावर पडणारा आकडा खोटा म्हणता येत नाही. आम्ही आलटूनपालटून मोजायचो, विषम ह्यांचे आणि सम माझे.

२०२० च्या मार्चमध्ये लोकल बंद झाल्या तेव्हा आमच्या सोसायटीतली बरीच तरुण जोडपी घरातच अडकली. रोज पहाटेची गाडी पकडणारी माणसं पहिल्यांदाच सकाळी घरी दिसू लागली. कुणी गच्चीवर उड्या मारू लागलं, कुणी मोबाईल समोर ठेवून. चांगलं वाटायचं बघून. २०२१ च्या १५ ऑगस्टला लशीचे दोन डोस घेतलेल्यांना लोकल खुली झाली आणि बघता बघता गच्ची रिकामी पडली. मी त्यांना दोष देत नाही. चार तास गाडीत काढणाऱ्याला पहाटे नमस्कार घाल म्हणणं सोपं आहे, घालणं कठीण. पण त्यातल्या एका जोडप्याने मात्र नेम मोडला नाही. विचारलं तर ती मुलगी म्हणाली, "काकू, आम्ही फक्त सहाच घालतो. पण दोघं मिळून." रोज चाळीस मिनिटांचा संकल्प सोडणारे गळाले, सहावाले राहिले.

आमच्या बाबतीत ह्या नेमाची खरी परीक्षा दोन वर्षांपूर्वी सुरू झाली. ह्यांचा उजवा हात थरथरू लागला, चालताना पाऊल अडखळू लागलं. डॉक्टरांनी कंपवात सांगितला. हा आजार व्यायामाने जात नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. पण व्यायाम सोडू नका, चलनवलन टिकतं ते त्यानेच, हेही तितकंच ठामपणे सांगितलं. फिजिओथेरपीच्या ताई आल्या. त्या म्हणाल्या, ह्या आजारात पाऊल जागीच खिळतं तेव्हा बाहेरून ताल मिळाला, कुणी मोठ्याने मोजलं, की बरेचदा शरीर पुन्हा हलतं. "तुम्ही मोजा आजी, ते चालतील."

मला हसू आलं. दहा वर्षं आम्ही दुसरं काय केलं होतं?

जमिनीवरचे नमस्कार आता ह्यांना जमत नाहीत. भिंतीला टेकवून ठेवलेल्या खुर्चीवर बसून त्यातले जमतील तेवढे अंक करतो, हात जोडणं, वाकणं, छाती वर, पुन्हा हात जोडणं. उठून उभं राहायचं ते खुर्चीची पाठ धरून, मी शेजारी असताना. ताईंनी हे सगळं बघून, दुरुस्त करून दिलं आहे. दुसऱ्या कुणी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय ह्यातलं काही करू नये. विषम आकडेही आता मीच म्हणते, कारण ह्यांचा आवाज बारीक झाला आहे. कधी ओठ हलतात, कधी नाही. काही दिवस सहा होतात, काही दिवस तीन. ज्या दिवशी ह्यांना नको वाटतं त्या दिवशी मी अत्र्यांचं नाटक आठवते आणि गप्प बसते. आणि ज्या दिवशी मला नको वाटतं, तसे दिवसही असतात, त्या दिवशी हे खुर्ची ओढून बसलेले असतात. मग उठावंच लागतं.

इतिहासाच्या पुस्तकांत राजेसाहेबांचं नाव राहिलं, ते योग्यच आहे. प्रजेला १९३९ साली स्वराज्याची घटना देणारा राजा होता तो. राणीसाहेबांना रोज पहाटे काय वाटत होतं, कंटाळा येत होता का, त्या दिवशी त्यांना कुणी उठवलं, हे कुणी विचारलं असेल का? मला ते विचारायला फार आवडलं असतं. उत्साह हा काही वर्षानुवर्षं पुरणारा माल नाही. तो एकाचा संपतो तेव्हा दुसऱ्याकडून उसना घ्यावा लागतो. दोघांनी मिळून करायचं ते एवढ्यासाठीच.

असो. चहाच्या आधी जमतील तेवढे घाला. संख्येचा आग्रह नको. फक्त मोजताना आवाज दुसऱ्याला ऐकू जाईल एवढा असू द्या.