कागदावर नसलेलें जहाज

जहाजें बुडाल्याच्या हकीकती तुम्हीं पुष्कळ ऐकल्या असतील. त्यांत बहुधा वादळ असतें, पाण्याखालचा खडक असतो, नाहीं तर शत्रूचा तोफखाना असतो. आज मी ज्या जहाजाविषयीं बोलणार आहें, त्याच्या हकीकतींत यांपैकीं कांहींच नाहीं. बंदराचें शांत पाणी आणि हलकासा वारा, एवढ्यावरच त्याचा शेवट झाला. तें जहाज म्हणजे स्वीडनच्या राजाचें 'वासा'. दिवस १० ऑगस्ट १६२८. म्हणजे शिवनेरीवर शिवाजी महाराजांचा जन्म झाला त्याच्या दीड वर्ष अगोदरचा.

गुस्ताव अडॉल्फ राजानें पोलंडशीं चाललेल्या युद्धासाठीं हें जहाज स्टॉकहोम येथें बांधविलें होतें. सुमारें हजार ओकवृक्ष त्याच्या कामीं आले. पुढें झुकलेल्या काठीसह त्याची लांबी ६९ मीटर, रुंदी ११.७ मीटर, आणि तळापासून मोठ्या डोलकाठीच्या टोंकापर्यंत उंची सुमारें ५२ मीटर. तोफा ६४, त्यांपैकीं ४८ तोफा चोवीस पौंडी गोळा फेंकणाऱ्या, आणि त्या दोन मजल्यांवर मांडलेल्या. पहिल्या सफरीस निघालें त्या दिवशीं किनाऱ्यावर गर्दी लोटली होती, आणि सलामीसाठीं तोफांच्या खिडक्या उघड्या होत्या. एक झुळूक आली. जहाज कललें आणि सावरलें. दुसरी झुळूक आली. जहाज पुनः कललें, तें सावरेना. खालच्या मजल्यावरील उघड्या खिडक्यांतून पाणी आंत शिरलें आणि शिडें उभारलेलें तें राजवैभव सर्वांच्या देखत ३२ मीटर पाण्याखालीं गेलें. जेमतेम १३०० मीटरांचा त्याचा प्रवास. सुमारें तीस माणसें दगावलीं.

अर्थात् चौकशी झाली. कप्तानास लगेच अटक झाली, परंतु दोष त्याच्यावर शाबीत होईना. तोफा नीट बांधलेल्या होत्या, खलाशी शुद्धीवर होते. चौकशींत एक गोष्ट मात्र उघड झाली. जहाज निघण्यापूर्वीं त्याची एक परीक्षा घेतली गेली होती. तीस माणसें वरच्या तक्त्यावर या कडेपासून त्या कडेपर्यंत एकदम धांवलीं. तीन खेपा झाल्या न झाल्या तोंच जहाज इतकें डोलूं लागलें, कीं आरमाराच्या अधिकाऱ्यानें, क्लास फ्लेमिंग यानें, परीक्षा थांबविली. आणखी धांवलीं असतीं तर धक्क्यालाच जहाज उलटतें. हें ठाऊक असूनहि जहाज निघालें, कारण राजा दूर रणांगणावर होता आणि जहाज लवकर पाठवा म्हणून त्याचा तगादा होता. बांधणाऱ्यांनीं सांगितलें, कीं राजानें मान्य केलेल्या मापांप्रमाणेंच आम्हीं जहाज बांधलें. शेवटीं कोणासहि शिक्षा झाली नाहीं.

शिक्षा कां झाली नाहीं, हा प्रश्न मला पूर्वीं राजकारणाचा वाटे. पण तो गणिताचाहि आहे. जहाजाचा गुरुत्वमध्य कोठें आहे, तें किती कललें असतां परत उभें राहील, हें आंकडे मांडून सांगण्याची विद्या त्या काळीं नव्हती. शिवाय, आंकडे मांडावयाचे तर कशाच्या आधारें? 'वासा'चा नकाशा नव्हताच. त्या काळचे कारागीर जहाजाचें चित्र काढून मग बांधीत नसत. मुख्य मापें ठरवीत, आणि बाकीचें प्रमाण मुख्य सुताराच्या डोक्यांत असे. हा मुख्य सुतार हेन्रिक हिबर्टसन नांवाचा डच गृहस्थ होता. तो आजारी पडला आणि जहाज पुरें होण्यापूर्वींच १६२७ सालीं वारला. त्याचें काम हाइन जेकबसन यानें पुरें केलें. एकाच्या डोक्यांतील जहाज दुसऱ्याच्या हातानें पुरें झालें, आणि मध्यें कागद नव्हता.

पुढें १६६४-६५ सालीं पाणबुड्यांनीं घंटेसारख्या साधनाच्या मदतीनें त्या काळोखांतून पन्नासांहून अधिक तोफा वर काढल्या, हें एक आश्चर्यच आहे; पण तो विषय निराळा. मग जहाज विसरलें गेलें. अँडर्स फ्रांझेन या गृहस्थानें १९५६ सालीं त्याचा ठिकाणा लावला आणि २४ एप्रिल १९६१ रोजीं 'वासा' ३३३ वर्षांनीं पाण्यावर आलें. बाल्टिक समुद्राचें पाणी खारटपणास कमी असल्यामुळें लांकूड पोंखरणारा किडा तेथें वाढत नाहीं. म्हणून जहाज जवळजवळ अखंड राहिलें होतें. भिजलेलें लांकूड वाळतांना आक्रसून फुटूं नये म्हणून १९६२ पासून १९७९ पर्यंत त्यावर एका मेणासारख्या रासायनिक द्रव्याचा फवारा सतत मारीत राहिले. १९९० पासून तें स्टॉकहोममधील स्वतःच्या संग्रहालयांत उभें आहे.

आतां मुख्य विषयाकडे वळतों. चालू शतकाच्या आरंभापासून या जहाजाचें नव्या रीतीनें मोजमाप सुरू झालें. रस्ते आणि धरणें मोजणारे लोक तिवईवर एक यंत्र ठेवून डोळा लावतात, तें तुम्हीं पाहिलें असेल. त्याचाच सुधारलेला भाऊ म्हणजे टोटल स्टेशन. तें एका बिंदूवर प्रकाशाचा किरण सोडतें, परत आलेल्या किरणावरून अंतर काढतें आणि स्वतःचा कोन मोजतें. झालें, त्या बिंदूची जागा निश्चित. देवळाच्या शिखराची उंची खालूनच कोन घेऊन काढण्याचें गणित ज्यांनीं शाळेंत केलें आहे, त्यांना यांत नवीन कांहीं वाटणार नाहीं. नवीन आहे तो चिकाटीचा भाग. संग्रहालयाचे संशोधनप्रमुख फ्रेड हॉकर यांच्या देखरेखीखालीं जहाजाच्या आंतल्या-बाहेरल्या लांकडांच्या कडा, सांधे, खिळ्यांच्या आणि बोल्टांच्या जागा बिंदुबिंदूनें टिपल्या गेल्या, आणि ते सारे बिंदु संगणकांत जोडून जहाजाची एक पूर्ण डिजिटल प्रतिकृति उभी राहिली. पडद्यावर ती कोणत्याहि बाजूनें फिरवावी, मध्यें कोठेंहि कापून आंत पाहावें. जें खऱ्या जहाजाला करतां येत नाहीं तें सर्व तिला करतां येतें. ज्या जहाजाला जन्मतः नकाशा नव्हता, त्याला पावणेचारशें वर्षांनंतर नकाशा मिळाला.

आणि त्या नकाशानें पहिली गोष्ट काय सांगितली? जहाजाच्या दोन बाजू सारख्या नाहींत. डावी आणि उजवी यांची बांधणी जुळत नाहीं. लांकडांची जाडी निराळी, आकार निराळा. जहाजावर सुतारांच्या चार मोजपट्ट्या सांपडल्या होत्या, त्यांच्याशीं याचा मेळ बसतो. दोन पट्ट्या स्वीडिश फुटाच्या, दोन ॲमस्टरडॅमच्या फुटाच्या. स्वीडिश फूट २९७ मिलिमीटरांचा, त्याचे इंच बारा. ॲमस्टरडॅमचा फूट २८३ मिलिमीटरांचा, त्याचे इंच अकरा. भागाकार करून पाहा: ज्याचा फूट लहान त्याचाच इंच मोठा! वीस फूट मोजले कीं दोघांत जवळजवळ एका फुटाचें अंतर पडलें. मुकादमानें 'इतके फूट' म्हणावें आणि दोन सुतारांनीं इमानेंइतबारें दोन निराळीं लांकडें कापावीं, असें घडलें असावें असा संशोधकांचा तर्क आहे.

माझ्या नोकरीच्या काळांत एका शाळेंत एका दाराच्या चौकटीचें काम दोन सुतारांकडे वांटून दिलेलें मीं पाहिलें आहे. एकाच्या टेपाचा पहिला इंच झिजून गेला होता, म्हणून तो दुसऱ्या इंचापासून मोजी. आणि मापांत तो इंच वाढवावयाचा तें एकदां विसरला. दोघेहि चांगले कारागीर होते. तें दार पुढें मी निवृत्त होईपर्यंत पुरतें मिटलें नाहीं. पावसाळ्यांत त्याला दगड लावून ठेवावा लागे. 'वासा'च्या पट्ट्यांविषयीं वाचलें तेव्हां मला तें दार आठवलें.

तथापि दोन बाजूंतील फरकामुळेंच जहाज बुडालें असें मात्र कोणीं समजूं नये. खरा दोष आहे तो वरच्या भागाच्या वजनांत. लोक सर्व दोष तोफांवर ढकलतात, परंतु साऱ्या तोफांचें वजन सुमारें बाराशें टनांच्या जहाजाच्या मानानें थोडेंच होतें. वरच्या मजल्यांचें लांकूडकामच गरजेपेक्षां भारी झालें होतें. तळाशीं दगडांची नीरम सुमारें १२० टन होती. ती वाढवावी, तर जहाज आणखी खोल बसून खालच्या खिडक्या पाण्याच्या अधिक जवळ आल्या असत्या. म्हणजे एकदां बांधून झाल्यावर त्या जहाजाला उपायच उरला नव्हता. चौकशी करणाऱ्यांसमोर ही प्रतिकृति असती, तर कप्तानाला तरी तुरुंगाची वाट दाखविली गेली नसती.

पण मेलेल्यांच्या न्यायापेक्षां या प्रतिकृतीचें आजचें काम मला अधिक मोलाचें वाटतें. जहाज पाण्याबाहेर आहे खरें, परंतु जहाजाची घडण पाण्यासाठीं असते. पाणी त्याला चोहोंकडून उचलून धरतें. जमिनीवर त्याचें सारें वजन थोड्याशा टेकूंवर येतें. त्यांतून हें लांकूड समुद्रांत शतकें काढलेलें, रसायन प्यालेलें आणि ताज्या ओकाहून दुबळें. मूळचे लोखंडी बोल्ट गंजून गेले होते. वर काढल्यावर घातलेले नवे बोल्टहि गंजूं लागले, तेव्हां पांच हजारांहून अधिक बोल्ट काढून गंज न धरणाऱ्या पोलादाचे बसविले. इतकें करूनहि जहाज दर वर्षीं सुमारें एक मिलिमीटर झुकत आणि खचत आहे. नखाच्या जाडीइतकें हें अंतर डोळ्यांना कधींच दिसलें नसतें. वर्षांतून दोनदां ठराविक बिंदु पुनःपुन्हां मोजल्यामुळेंच तें कळलें.

मग टेकू कोठें द्यावयाचे? खऱ्या जहाजावर प्रयोग करून पाहतां येत नाहीं. चुकीच्या जागीं दाब पडला तर फासळी मोडेल, आणि ती बदलून देणारा कोणी नाहीं. म्हणून उप्साला विद्यापीठाच्या संशोधकांनीं जहाजाच्या लांकडाचे लहान तुकडे दाबून, वांकवून त्यांची ताकद काढली. सांधे किती ढिले पडतात हें पाहण्यासाठीं जहाजाच्या एका भागाची पूर्ण आकाराची लांकडी नक्कल बांधून तीवर जोर लावून पाहिला. आणि ते आंकडे डिजिटल प्रतिकृतींत घातले. प्रतिकृतीचे असंख्य लहान घटक पाडून, प्रत्येकावर किती भार येतो याचा हिशेब संगणक करतो. आज अमुक जागीं टेकू दिला तर जहाजाचा कोणता भाग सुटेल, कोणता पिचेल, हें आधीं पडद्यावर पाहावें आणि मग पोलादाला हात घालावा, असा हा क्रम आहे. नव्या आधाराचें काम २०२४ सालीं सुरू झालें. १९६० नंतरच्या दशकांत दिलेल्या जुन्या टेकूंच्या जागीं बाहेरून नवा पोलादी पाळणा आणि जहाजाच्या पोटांत एक पोलादी सांगाडा, अशी त्याची योजना आहे.

येथें एक मोह होता, तो सांगितल्यावांचून राहवत नाहीं. डावी बाजू मोजावी आणि आरशांतल्याप्रमाणें उलटी करून तिचीच उजवी बाजू करावी. अर्धे श्रम वांचतात आणि चित्रहि देखणें होतें. भूमितीच्या वहींत माझे विद्यार्थी हेंच करीत, आणि मी त्यांना शाबासकीहि देत असें. 'वासा'च्या बाबतींत असें केलें असतें तर प्रतिकृति सुंदर झाली असती आणि पार खोटी. टेकू त्या सुंदर जहाजासाठीं योग्य ठरले असते. खरें वांकडें जहाज त्यांवर नीट बसलें नसतें. म्हणून प्रत्येक लांकूड जसें आहे तसें, त्याच्या वांकासकट, फुगीसकट मोजलें गेलें.

त्या चार मोजपट्ट्या संग्रहालयानें जपून ठेवल्या आहेत. त्यांच्या जवळच, जहाजाभोंवतीं, तिवया मांडून मोजणारे लोक वर्षांतून दोनदां येतात आणि तेच बिंदु, त्याच क्रमानें, पुनः मोजतात.