हृदयाचा सीटी स्कॅन: प्रतिमा पुनर्रचनेच्या पद्धतीचा निदानावर परिणाम

सीटी स्कॅनमध्ये दिसणारी हृदयाची प्रतिमा हे छायाचित्र नसते. शरीरातून आरपार गेलेल्या क्ष-किरणांच्या मोजमापांवरून संगणकाने गणिताच्या साहाय्याने ती उभारलेली असते. या क्रियेला प्रतिमा पुनर्रचना म्हणतात. तिची पद्धत बदलल्यास एकाच रुग्णाच्या एकाच तपासणीतून मिळणारे आकडेही बदलू शकतात.

बंगळुरूजवळच्या बोम्मसंद्रा येथे डॉ. देवी शेट्टी यांनी २००० साली स्थापन केलेल्या नारायण हृदयालयात देशाच्या विविध भागांतून रुग्ण येतात. एका गावी स्कॅन काढून उपचारांसाठी अशा दूरच्या केंद्रात जाणाऱ्या रुग्णांसाठी हा विषय महत्त्वाचा आहे.

पद्धतींचा विकास

ऑस्ट्रियन गणिती योहान राडोन यांनी १९१७ मध्ये या गणिताचा पाया घातला. लंडनमध्ये १९७१ साली पहिल्या रुग्णाचा सीटी स्कॅन झाला. या तंत्राबद्दल गॉडफ्रे हाउन्सफील्ड आणि ॲलन कॉरमॅक यांना १९७९ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

त्यानंतर अनेक वर्षे ‘फिल्टर्ड बॅक प्रोजेक्शन’ ही जलद पद्धत रूढ होती. क्ष-किरणांची मात्रा कमी केल्यास तिच्यातील प्रतिमा कणीदार होते. संगणक वेगवान झाल्यावर, २००९ च्या सुमारास, प्रतिमेत टप्प्याटप्प्याने सुधारणा करणारी पुनरावर्ती पद्धत रुग्णालयांत आली. कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित पद्धतींना अमेरिकेत २०१९ मध्ये मान्यता मिळाली. नव्या पद्धतींमुळे कमी किरणोत्सारात स्वच्छ प्रतिमा मिळते.

कॅल्शियम अंकातील फरक

हृदयाच्या रोहिण्यांमधील कॅल्शियमचा साठा मोजणारा ॲगॅट्स्टन अंक १९९० पासून प्रचलित आहे. किमान १३० हाउन्सफील्ड एकक घनतेच्या ठिपक्याचे क्षेत्रफळ त्यात मोजले जाते. ठिपक्यातील सर्वोच्च घनता १३० ते १९९ असल्यास क्षेत्रफळाला १ ने, २०० ते २९९ असल्यास २ ने, ३०० ते ३९९ असल्यास ३ ने आणि त्याहून अधिक असल्यास ४ ने गुणतात.

उदाहरणार्थ, ५ चौरस मिलिमीटरच्या ठिपक्याची सर्वोच्च घनता २०५ असल्यास अंक १० येतो. प्रतिमा अधिक गुळगुळीत करणाऱ्या पद्धतीत हीच घनता १९५ झाली, तर क्षेत्रफळ तेवढेच राहूनही अंक ५ वर येतो. पुनरावर्ती पद्धतीने अंक कमी येण्याची प्रवृत्ती अनेक अभ्यासांत आढळली आहे.

या फरकाचा संबंध थेट उपचारांशी आहे. अमेरिकेतील हृदयरोग संघटनांच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, मध्यम जोखमीच्या व्यक्तीचा अंक १०० किंवा अधिक असल्यास स्टॅटिन औषध सुरू करणे योग्य मानले जाते. अंक शून्य असल्यास, मधुमेह वा धूम्रपानासारखे धोके नसताना, औषध लांबणीवर टाकता येते. त्यामुळे सीमेजवळच्या अंकात थोडा फरकही निर्णय बदलू शकतो.

स्टेंट आणि हृदयाची गती

कॅल्शियम व स्टेंटची धातूची जाळी प्रतिमेत प्रत्यक्षाहून मोठी भासते. त्यामुळे रोहिणी वास्तवापेक्षा अधिक अरुंद दिसू शकते. कडा ठळक करणाऱ्या पद्धतीने स्टेंटच्या आतील भाग अधिक स्पष्ट दिसतो, मात्र कणीदारपणा वाढतो. कॅल्शियम अंकासाठी ही पद्धत वापरली जात नाही.

हृदय सतत हलत असल्याने ईसीजीच्या आधारे ठोक्यातील योग्य क्षण निवडावा लागतो. नाडी संथ असल्यास हृदय शिथिल होण्याच्या उत्तरार्धातील क्षण बहुधा उपयुक्त ठरतो. नाडी जलद असल्यास आकुंचनाच्या अखेरचा क्षण निवडतात. निवड चुकल्यास रोहिणी अस्पष्ट दिसते.

रुग्णांनी घ्यावयाची काळजी

रुग्णाला मिळणाऱ्या सीडीत सहसा केवळ तयार प्रतिमा असतात. मूळ मोजमापे यंत्रावर मर्यादित काळच ठेवली जातात. त्यामुळे सीडीवरून पुन्हा नव्याने पुनर्रचना करता येत नाही. अहवालासोबत सीडीही जपून ठेवावी. पुढील तपासणी शक्यतो त्याच प्रकारच्या यंत्रावर आणि त्याच पद्धतीने करून घ्यावी. दोन अहवालांतील आकडे वेगळे आल्यास आजार वाढला किंवा घटला असा निष्कर्ष स्वतः न काढता, दोन्ही वेळच्या पद्धती एकच होत्या का, हे डॉक्टरांना विचारावे.