फोनवर निवडलेला स्ट्रायकर

वर्धा जिल्ह्यातल्या गिरडच्या टेकडीवर शेख फरीद बाबांच्या दर्ग्याला गेलं की तो दगड हमखास दाखवतात. सुपारीसारखा गोल. बाबांची थट्टा करणाऱ्या व्यापाऱ्यांचा माल दगड झाला, अशी आख्यायिका आहे. भूगर्भशास्त्राचे जाणकार त्याला झिओलाइटचा गोळा म्हणतात. लांबून पाहिला तर सुपारीच वाटते. उचलून तळहातावर घेतला की वजनावरून कळतं.

फुटबॉलमधल्या एका फसवणुकीबद्दल वाचताना मला दर वेळी हा दगड आठवतो. अली दियाची गोष्ट जगभर विनोद म्हणून सांगितली जाते. मला त्यात हसू येत नाही. ती कशी घडत गेली, हे घड्याळ लावून पाहावं.

नोव्हेंबर १९९६, सामन्याच्या काही दिवस आधी

इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधल्या साउथॅम्प्टन क्लबचे व्यवस्थापक ग्रेम सूनेस यांना फोन येतो. बोलणारा स्वतःचं नाव सांगतो जॉर्ज वेया. लायबेरियाचे वेया म्हणजे १९९५ चा ‘बॅलन डी’ओर’ पुरस्कार मिळवलेला स्ट्रायकर, त्या वेळी एसी मिलानचा हुकमी एक्का. हा माणूस सांगतो, माझा चुलतभाऊ अली दिया पॅरिस सेंट जर्मेनकडून खेळलाय, सेनेगलसाठी १३ आंतरराष्ट्रीय सामने खेळलाय, त्याला एकदा संधी द्या.

फोन वेयांचा नव्हता. नातं खोटं होतं, ते १३ सामनेही खोटे होते. दिया ३१ वर्षांचा होता आणि त्याच महिन्यात ब्लाइथ स्पार्टन्स या खालच्या पातळीवरच्या क्लबकडून बदली खेळाडू म्हणून मैदानात उतरला होता. पण फोनवर उभी राहिलेली कारकीर्द भक्कम होती. साउथॅम्प्टनने महिनाभराचा करार केला.

सूनेस काही नवखे नव्हते. लिव्हरपूलकडून तीन वेळा युरोपियन कप जिंकलेला हा माणूस. त्यांच्या संघाने चारच आठवड्यांपूर्वी, २६ ऑक्टोबरला, मँचेस्टर युनायटेडला ६-३ असं लोळवलं होतं. म्हणजे खेळाची पारख नसलेल्या लोकांच्या हातून हे झालेलं नाही.

त्याच आठवड्यात

सगळ्या गोष्टीत मला सर्वांत जास्त टोचतो तो हा टप्पा. अनर्थ इथे टळू शकत होता.

राखीव संघाचा आर्सेनलशी सामना ठरला होता आणि दिया त्यात खेळणार होता. नव्वद मिनिटांत खरं-खोटं कळलं असतं. पाऊस झाला, मैदानात पाणी साचलं, सामना रद्द झाला. सरावात पाच-पाच जणांच्या खेळात सहकाऱ्यांना शंका आली होती. संघातल्याच मॅट ले टिसिएने नंतर अनेकदा सांगितलं की दियाचा खेळ पाहून हा आपल्यात कसा, असंच वाटलं होतं. पण ज्यांनी पाहिलं त्यांनी ठरवायचं नव्हतं आणि ज्यांनी ठरवायचं त्यांची परीक्षा पाण्यात गेली. दुसरी परीक्षा घ्यावी, असं कुणाला वाटलं नाही.

आपल्याकडे नोव्हेंबर म्हणजे कापूस वेचणीचे दिवस. १९९६ साली राज्य सरकारची कापसाची एकाधिकार खरेदी चालू होती. केंद्रावर गाडी लागली की ग्रेडर वरचा कापूस बघून दर लावत नसे. हात खोल घालून आतली मूठ बाहेर काढायची, अंगठा आणि बोटात धरून धागा ओढायचा, ओल चाचपायची. शेतकऱ्याला राग यायचा, वादही व्हायचे. पण हात घातल्याशिवाय ग्रेड लागत नव्हती. तेवढी एक मूठ साउथॅम्प्टनमध्ये कुणी काढली नाही.

शनिवार, २३ नोव्हेंबर १९९६, दुपारी तीन

डेल मैदान, समोर लीड्स युनायटेड. आपल्या गिरडात तेव्हा रात्रीचे साडेआठ. सुमारे १५,००० प्रेक्षक. दिया ३३ क्रमांकाची जर्सी घालून बाकावर बसलेला. अजूनही तो मैदानात उतरेलच असं नाही.

तीन वाजून ३२ मिनिटं

ले टिसिएची मांडी दुखावते. हा साउथॅम्प्टनचा प्राण. क्लबसाठी पेनल्टी मारायला ४८ वेळा उभा राहिला आणि ४७ वेळा गोल केला, असा माणूस. त्याच्या जागी सूनेस अली दियाला पाठवतात.

सुरुवातीलाच त्याला एक संधी मिळते, लीड्सचा गोलरक्षक नायजेल मार्टिन चेंडू अडवतो. तो गोल झाला असता तर? हा प्रश्न मी बाजूला ठेवू शकलेलो नाही. पण पुढची मिनिटं निर्दय असतात. चेंडू जिकडे तिकडे तो धावतो. आपली जागा कोणती, हे त्याला माहीत नाही. सहकाऱ्यांना पास कुठे द्यावा ते कळेना.

मध्यंतर

बदल होत नाही. दिया दुसऱ्या अर्ध्यातही खेळतो.

फुटबॉलमधलं खोटं फोनवरच घडतं असं नाही. २००४ मध्ये आपल्या शेजारी गोव्यात, द्वितीय श्रेणीच्या लीगमध्ये, वरच्या श्रेणीत जाण्यासाठी गोलफरकाची चढाओढ लागली. विल्फ्रेड लेझरने दोना पावला संघावर ५५-१ असा विजय मिळवला आणि कुडतरी जिमखान्याने सांगोल्डा लाइटनिंगवर ६१-१ असा. दोन सामन्यांत ११८ गोल. गोवा फुटबॉल असोसिएशनने चारही क्लबांवर वर्षाची बंदी घातली. तिथे गोल कागदावर होते आणि स्ट्रायकर हाडामांसाचे. डेलवर त्याच्या उलट.

चार वाजून ४० मिनिटं

८५ वं मिनिट. बदली म्हणून आलेल्या दियालाच बदलून केन मॉन्कूला आत घेतात. ५३ मिनिटं तो मैदानावर होता. त्याच्या उभ्या आयुष्यातली प्रीमियर लीग एवढीच.

चार वाजून ५० मिनिटांच्या सुमारास

शिटी वाजते. लीड्स २, साउथॅम्प्टन ०. गोल गॅरी केली आणि ली शार्प यांचे, दोन्ही शेवटच्या टप्प्यात.

पुढे

करार होऊन दोनच आठवडे झाले असतील, क्लबने दियाला मोकळं केलं. त्यानंतर ‘सर्वांत वाईट खेळाडू’ अशा प्रत्येक यादीत त्याचं नाव आलं. ते मला पटत नाही. खोटं बोलला हा त्याचा दोष आहेच. पण ३१ व्या वर्षी दारोदार संधी मागणाऱ्या त्या माणसाला जर्सी देणारे दुसरे होते. त्याने पुढे नॉर्थम्ब्रिया विद्यापीठातून पदवी घेतली, हे त्या याद्यांमध्ये कुणी लिहीत नाही. आणि त्या शनिवारी बाकावरची जी जागा त्याला मिळाली, ती कुणा तरुण खेळाडूची असू शकली असती. त्याच्यासाठी कुणी फोन केला नव्हता.

सूनेस यांनी हंगाम संपल्यावर पद सोडलं. साउथॅम्प्टन प्रीमियर लीगमध्ये टिकला. त्याचे गुण ४१ झाले होते आणि खाली घसरलेल्या संडरलँडचे ४०.