मुंबईच्या कलाशाळेतील जिवंत मॉडेलचा वर्ग

मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेची स्थापना १८५७ साली झाली. नग्न मॉडेलवरून रेखाटन करण्याचा नियमित वर्ग तेथे सुरू झाला तो १९१९ साली. मधल्या बासष्ट वर्षांत मानवी देहाच्या अभ्यासाचा मुख्य आधार होता तो ग्रीक-रोमन मूर्तींच्या प्लास्टरमधील प्रतिकृतींचा. १८७२ पासून १८८५ पर्यंत जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली याच शाळेच्या विद्यार्थ्यांनी अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला केल्या, हे खरे. परंतु मूळ ग्रीसचे असो वा अजिंठ्याचे, देहाचा अर्थ दुसऱ्या कोणी तरी आधीच लावून ठेवलेला होता. पुतळा थकत नाही. एका पायावर भार देऊन उभा असलेला मनुष्य मात्र थोड्याच वेळात ढळू लागतो. कमरेचा कल बदलतो, खांदा उतरतो, आणि आता कोणती रेषा खरी मानावयाची याचा निर्णय विद्यार्थ्यालाच करावा लागतो.

हा वर्ग सुरू केला ग्लॅडस्टन सॉलोमन यांनी. ते स्वतः लंडनच्या रॉयल अकॅडमीच्या शाळेत शिकलेले. त्यामुळे या वर्गाकडे पाश्चात्त्य शिक्षणाचे आणखी एक रोपण म्हणून पाहिले जाते. हे मत अपुरे आहे. पुढच्याच वर्षी, म्हणजे १९२० साली, त्याच सॉलोमन यांनी भित्तिचित्रणाचा वर्ग उघडला आणि भारतीय अलंकरणाच्या पुनरुज्जीवनाचा पुरस्कार केला. देहाचा प्रत्यक्ष अभ्यास आणि भिंतीवरील सपाट, लयबद्ध रचना यांत त्यांना विरोध दिसला नाही.

विरोध दिसला तो बंगालच्या पक्षाला. अवनींद्रनाथ ठाकूर यांनी १९१४ साली इंग्रजीत प्रसिद्ध झालेल्या आपल्या छोट्या पुस्तकात धडाला गोमुखाची, खांद्याला गजमस्तकाची, हनुवटीला आंब्याच्या कोयीची उपमा देऊन भारतीय शरीररचनेचे विवेचन केले. समभंग, त्रिभंग इत्यादी भेदांचाही त्यांत विचार आहे. मात्र हे नियम कलावंताच्या पायांतील शृंखला होऊ नयेत, असेही ते आरंभीच बजावतात, आणि या इशाऱ्याचा त्यांच्या अनुयायांना व विरोधकांना सारखाच विसर पडला!

प्रस्तुत लेखकाच्या मते वादाचे क्षेत्र समजले जाते त्याहून पुष्कळच लहान आहे. उपमा अवयवाचा आकार सांगते, भंग देहाची ठेवण सांगतो. पण त्रिभंगातही भाराची वाटणी आधीच झालेली असते. ती होताना पाहावयाची तर समोर जिवंत मनुष्यच हवा. मात्र त्या अभ्यासाने भिंतीवरील रेषा बळकट झाली की केवळ जड झाली, याचा निवाडा शिक्षकांच्या प्रतिपादनावरून करता येणार नाही. त्यासाठी सॉलोमन यांच्या विद्यार्थ्यांनी नवी दिल्लीच्या सचिवालयात रंगविलेल्या आकृतींपुढेच उभे राहिले पाहिजे; आणि तेथे त्या आकृतींचे चेहरे नव्हेत, तर पावले जमिनीवर कशी टेकली आहेत ते प्रथम पाहावे.