कोनफळाचे भाऊबंद आणि आखडलेली बोटे

उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा तालुक्यात, म्हणजे पूर्वीच्या सुपे भागात, कुणबी शेतकरी परसात कोनफळांचे वेल चढवितात आणि पावसाळा सरल्यावर मोठमोठे कंद खणून काढतात. काम सारे मुठीच्या बळाचे. ही मूठच ज्या रोगाने वळेनाशी होते, त्या आमवाताच्या इतिहासात याच कंदाच्या भाऊबंदांनी मोठी कामगिरी बजावली आहे.

आमवात शंभरांत एखाद्यालाच, तोही क्वचित, गाठतो. पण गाठला की बहुधा हातांपासून सुरुवात करतो. सकाळी बोटे सुजून ताठतात, पुढे वाकडी होतात. ‘माधवनिदाना’त आमवातावर स्वतंत्र प्रकरण आहे. उपाय मात्र शतकानुशतके शेक, लेप आणि सोसणे!

1948 च्या सप्टेंबरात अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये डॉ. फिलिप हेंच यांनी 29 वर्षांच्या एका रुग्ण स्त्रीस कॉर्टिझोन टोचले आणि आठवड्याभरात ती हिंडूफिरू लागली. 1950 चे नोबेल पारितोषिक हेंच, केंडल आणि राइखस्टाइन यांस मिळाले. परंतु हे औषध बैलांच्या पित्तापासून तीसांहून अधिक रासायनिक पायऱ्या चढून बनवावे लागे. गरिबाने त्याचे नावही घेऊ नये, असा त्याचा भाव. तेव्हा मेक्सिकोतील रानकंद मदतीस आले. त्यांतील डायोसजेनिनपासून 1951 मध्ये सिंटेक्स कंपनीने कॉर्टिझोन बनविले. पुढच्याच वर्षी अपजॉन कंपनीच्या संशोधकांनी सर्वांत अवघड पायरी एका बुरशीकडून करवून घेतली आणि किंमत झपाट्याने उतरली.

आपल्या हिमालयातही असा एक कंद आहे. औषधासाठी तो इतका उपसला गेला की, 1975 साली त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आले.

यावरून कोणी कोनफळ खाऊन सांधे बरे करू पाहील, तर ते व्यर्थ आहे. डायोसजेनिनचे कॉर्टिझोन कारखान्यात होते, पोटात होत नाही. कोनफळ हे अन्न, आणि अन्न म्हणूनच उत्तम.

कॉर्टिझोननेही रोग मुळापासून गेला नाही. औषध थांबताच सूज परतली. फार दिवस घेणाऱ्यांचे चेहरे वाटोळे झाले, हाडे ठिसूळ झाली. म्हणून आता डॉक्टर त्या जातीची औषधे शक्यतो कमी मात्रेत आणि थोडे दिवस देतात. मुख्य भिस्त मेथोट्रेक्सेटसारख्या औषधांवर असते, आणि बोटे वाकडी होण्यापूर्वीच ती सुरू व्हावी लागतात. एकदा वाकलेले बोट त्यांनी सरळ होत नाही.